स्थलांतरितांचे सामाजिक लाभ, युरोपातील

स्थलांतरितांचे सामाजिक लाभ, युरोपातील : परदेशातून येऊन राहिलेल्या व्यक्तीला यजमान देशाकडून मिळणारे निवृत्तिवेतन, बेकारी भत्ता, बालभत्ता, घरभाड्याचे साहाय्य इत्यादींवरील हक्क. यासाठी युरोपभर एकच कायदा नाही. लाभ किती आणि कोणते, हे प्रत्येक देश ठरवतो. युरोपीय संघाचा ८८३/२००४ हा विनियम (अंमल १ मे २०१० पासून) या वेगवेगळ्या व्यवस्थांची सांगड घालतो. एका देशात भरलेली विम्याची वर्षे दुसऱ्या देशात हिशेबात धरली जातात ती त्यामुळेच.

वर्गणी भरून मिळणारा लाभ आणि गरजेपोटी मिळणारी मदत यांत फरक आहे. पहिल्याबद्दल फारसा वाद होत नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र गरजेच्या आधी निवासाच्या हक्काचा कागद पाहिला जातो. संघातील देशाच्या नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात पहिले तीन महिने अशी मदत देण्याचे बंधन नाही. सलग पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर कायम निवासाचा हक्क मिळतो. मधल्या काळात नोकरी करणारा सुरक्षित, न करणारा अधांतरी. लायप्झिगमध्ये राहणाऱ्या, काम न शोधणाऱ्या एका रुमानियन आईला जर्मनी निर्वाह भत्ता नाकारू शकते, असा निर्णय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये दिला.

काम करणाऱ्यांच्या बाबतीत न्यायालय ठाम राहिले. ऑस्ट्रियात वृद्धांची चोवीस तास शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांपैकी पुष्कळजणी स्लोव्हाकिया, रुमानिया, हंगेरीतून येतात. मुले गावी असतात. २०१९ पासून ऑस्ट्रियाने बालभत्ता मुले राहतात त्या देशातील महागाईशी जोडला आणि या स्त्रियांच्या हाती कमी रक्कम पडू लागली. कर आणि वर्गणी मात्र त्या पूर्ण भरत होत्या. १६ जून २०२२ रोजी न्यायालयाने ही कपात बेकायदा ठरवली. हा न्याय साधा आणि योग्य होता.

आश्रयार्थींची स्थिती सर्वांत नाजूक. जर्मनीने १९९३ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा, कमी दराचा कायदा केला. पुढे महागाई तीस टक्क्यांहून अधिक वाढली, तरी भत्त्याचे दर तेच राहिले. १८ जुलै २०१२ रोजी जर्मन घटना न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. स्थलांतराच्या धोरणासाठी माणसाची प्रतिष्ठा कमी-जास्त करता येत नाही, असे त्याने बजावले. तरीही वेगळा कायदा टिकून आहे. कमी दराच्या भत्त्यावर राहण्याची मुदत २०२४ मध्ये १८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर नेण्यात आली.

भारतीयांसाठी सामाजिक सुरक्षेचे द्विपक्षीय करार महत्त्वाचे. पहिला बेल्जियमशी झाला (अंमल २००९). जर्मनीशी झालेला व्यापक करार १ मे २०१७ पासून लागू आहे. पुण्यातील कंपनीने काही काळासाठी जर्मनीला पाठवलेला अभियंता भविष्य निर्वाह निधी संघटनेचे प्रमाणपत्र दाखवून तिथली निवृत्तिवेतन वर्गणी टाळू शकतो. तिथेच नोकरी धरणाऱ्याची दोन्ही देशांतील वर्षे पात्रतेसाठी एकत्र मोजली जातात. ब्रिटनमध्ये कामाच्या व्हिसावर बहुतेकदा ‘सरकारी निधीचा आधार नाही’ अशी अट असते. असा कर्मचारी कर आणि राष्ट्रीय विमा भरतो, शिवाय सहसा आरोग्य अधिभार म्हणून २०२४ पासून वर्षाला १,०३५ पौंड देतो; बालभत्ता मात्र त्याला मागता येत नाही.