मोटर जळते, मग प्रोसेसर का जळत नाही?

पंचगंगेच्या काठावर उसाला पाणी पाजणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही: व्होल्टेज पडलं की मोटर जळते. त्यामुळे वीज वाचवायला जुन्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरचं व्होल्टेज मुद्दाम उतरवा म्हटलं की माणूस दचकतो. पण मोटरला पाणी तेवढंच उचलायचं असतं. व्होल्टेज कमी मिळालं की ती करंट जादा ओढते आणि वाइंडिंग तापतं. प्रोसेसरचं गणित नेमकं उलटं.

प्रोसेसर म्हणजे ट्रान्झिस्टर नावाच्या सूक्ष्म स्विचांचा ढीग. प्रत्येक ट्रान्झिस्टरचं गेट, म्हणजे तो चालू-बंद करणारं टोक, हा एक इवलासा कपॅसिटर. 0 चा 1 होताना तो भरतो, 1 चा 0 होताना रिकामा होतो. या एका फेरीत सप्लायमधून जाणारी ऊर्जा म्हणजे कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग. त्यातली निम्मी भरतानाच वाटेतल्या रोधात उष्णता होऊन जाते, उरलेली निम्मी रिकामं होताना. खरी गंमत त्या वर्गात आहे. 1.20 चे 1.10 व्होल्ट केले तर कपात जेमतेम 8 टक्के, पण या भरण्या-उपसण्यातला खर्च 16 टक्के घटतो. वेग तोच राहतो.

मग कंपनी जादा व्होल्टेज देतेच कशाला? सगळ्या चिप सारख्या निघत नाहीत. सगळ्यात मंद चिपही उन्हाळ्यात, काही वर्षं वापरल्यावर चालली पाहिजे, म्हणून सगळ्यांनाच वाढीव माप. आपण फक्त ते वरचं माप काढून घेतो. मर्यादाही तिथंच आहे. व्होल्टेज कमी म्हणजे गेट सावकाश भरतं. प्रोसेसर घड्याळाच्या ठोक्यावर चालतो; 3.4 गिगाहर्ट्झला एक ठोका 0.29 नॅनोसेकंदाचा, तेवढ्यात प्रकाशसुद्धा 9 सेंटिमीटरच जातो. सिग्नल पुढच्या ठोक्याआधी पोचला नाही, की उत्तर चुकतं. चिप जळत नाही, चुकते. म्हणून आधी टॅलीच्या डेटाचा बॅकअप घ्या.

उदाहरणार्थ, इंटेलचा 2011 चा आय7-2600 प्रोसेसर. आधी धूळ झाडा, थर्मल पेस्ट बदला. तापलेली चिप गळतीतही (बंद ट्रान्झिस्टरमधून झिरपणाऱ्या करंटमध्ये) वीज घालवते. मग बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) सीपीयू, म्हणजे प्रोसेसरचं, व्होल्टेज 'ऑफसेट'वर (मूळ व्होल्टेजमध्ये अधिक-उणे करणारा पर्याय), चिन्ह वजा, सुरुवात 0.025 व्होल्टने. (एच61 चिपसेटच्या स्वस्त मदरबोर्डांवर हा पर्याय बहुधा नसतो.) फिक्स्ड व्होल्टेज ठेवू नका, मशीन रिकामं असतानाही ते खाली येत नाही. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्राइम95 हा प्रोग्रॅम तासभर चालवा, एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान बघा, मग 0.010 च्या पायरीनं उतरा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (नोंदवहीत) 'व्हीआ' (WHEA), म्हणजे हार्डवेअरचा, एरर दिसला, की 0.020 ने वर या.

फसगत होते ती वेगळ्याच जागी. टेस्ट पास होते आणि मशीन रिकामं असताना गोठतं. कारण ऑफसेट सगळीकडे सारखाच वजा होतो. आरामाच्या वेळी व्होल्टेज आधीच कमी असतं, तिथं तो जास्त बोचतो. म्हणून टेस्टनंतर दोन दिवस नेहमीचं काम करून बघा.

उद्यमनगरातल्या वर्कशॉपात मशीन दिवसाचे 10 तास फुल लोडवर चालत असेल आणि 13 वॅट वाचत असतील, तर 300 दिवसांत 39 युनिट. नुसती बिलं टाइप करणाऱ्या मशीनला याच्या कितीतरी कमी; तिथं स्लीप लावणं जास्त फायद्याचं. आणि प्लगात खोचायचे ते 'वीज बचत' डबे? आत बहुधा एक कपॅसिटर आणि एक दिवा. घरचं मीटर खरे वॅट मोजतं, त्याला त्या डब्याचं काही सोयरसुतक नाही.

फारच उतरवलं आणि स्क्रीनच येईना, तर भिंतीतली वीजेची पिन काढा, बोर्डावरचा गोल सीआर2032 सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा. बायोस मूळ सेटिंगवर येतं. तारीख-वेळ तेवढी परत घाला.