छळविरोधी उपक्रमांचे मूल्यमापन आणि बौद्धिक अक्षमता : पार्श्वभूमी

बुलिंगचा, म्हणजेच बरोबरीच्यांकडून वारंवार होणाऱ्या छळाचा, पद्धतशीर अभ्यास मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये सुरू केला. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या. त्यांमागे असा छळ असावा असे मानले गेले आणि पुढच्याच वर्षी तेथे देशव्यापी मोहीम उभी राहिली. तिच्या जोडीने बर्गन शहरात सुमारे अडीच हजार विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला. पुढे जगभर पसरलेला ओल्वेयस यांचा प्रतिबंधक कार्यक्रम त्यातूनच आकाराला आला. २०११ साली टोफी आणि फारिंग्टन या संशोधकांनी अशा अनेक शालेय कार्यक्रमांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा छळाचे प्रमाण सरासरी २० ते २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

हा पुरावा मुख्यतः सर्वसाधारण शाळांमधला होता. बौद्धिक अक्षमता असलेले लोक जिथे काम करतात त्या कार्यशाळा, त्यांची निवासगृहे आणि रोजचा बसप्रवास त्याच्या कक्षेबाहेर राहिला. ब्रिटनमधील मेनकॅप या संस्थेने १९९९ मध्ये केलेल्या पाहणीत बौद्धिक अक्षमता असलेल्या दहापैकी जवळपास नऊ जणांनी मागील वर्षभरात आपला छळ झाल्याचे सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातील सोळाव्या कलमाने शोषण, हिंसा आणि अत्याचार यांपासून संरक्षण देणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरवले. प्रश्नाची व्याप्ती कळली आणि कर्तव्यही नोंदले गेले, पण कोणता उपाय लागू पडतो हे त्याने ठरत नव्हते.

खरी अडचण मोजमापाची होती आणि माझ्या मते तिच्याकडे फार उशिरा लक्ष गेले. ओल्वेयस यांची प्रश्नावली ‘गेल्या काही महिन्यांत किती वेळा त्रास झाला’ असे विचारते आणि ‘महिन्यातून दोन-तीन वेळा’ यासारख्या पर्यायांतून निवड करायला सांगते. ज्याला महिन्याचा अंदाज बांधणेच अवघड जाते, त्याने यावर दिलेल्या उत्तरावर कार्यक्रमाचे यशापयश कसे ठरवावे? सिगलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले होते की, बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेक व्यक्ती मुलाखतीत परस्परविरोधी प्रश्नांनाही ‘हो’ म्हणतात. म्हणून पुष्कळदा पालकांना किंवा कर्मचाऱ्यांनाच विचारले गेले. परंतु छळ बहुधा त्यांच्या नजरेआडच होतो, आणि कधी त्रास देणारी व्यक्ती कर्मचाऱ्यांपैकीच असते. ज्याने सोसले त्याचे म्हणणे वगळून केलेले मूल्यमापन मला अन्यायाचे वाटते.

प्रौढांसाठीच्या उपक्रमाची तुलनागटासह तपासणी करणारा एक महत्त्वाचा अभ्यास मॅकग्रा, जोन्स आणि हेस्टिंग्ज यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात साठ सहभागी तीन गटांत होते. एका गटाने मनोसामाजिक प्रशिक्षण घेतले. दुसऱ्या गटात त्याच प्रशिक्षणाबरोबर समाजातील संबंधितांनाही सामील करून घेतले होते. तिसरा गट प्रतीक्षेत होता, म्हणजे तुलनेसाठी त्याला त्या काळात प्रशिक्षण दिले नव्हते. पहिल्या दोन्ही गटांत छळ झाल्याचे सांगण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले, तिसऱ्यात घटले नाही. 

अशा आकड्यांचा अर्थ लावताना आणखी एक पेच उरतो. वर्षानुवर्षे ‘थट्टा’ म्हणून सोसलेली गोष्ट छळ असते, हे प्रशिक्षणात उमगले की तक्रारी सुरुवातीला वाढू शकतात. ही वाढ अपयश म्हणून नोंदली जाऊ नये, यासाठी चित्रांचा आधार, ठरावीक ओळखीच्या प्रसंगाशी जोडलेले प्रश्न आणि कार्यक्रम संपल्यानंतर काही महिन्यांनी पुन्हा घेतलेल्या मुलाखती मूल्यमापनाच्या आराखड्यात पहिल्यापासून असाव्या लागतात.