खून पडतो आणि शेजारी वॉल्ट्झ वाजत राहतो

मूकपटाच्या काळात पडद्यापाशी बसलेला पियानोवादक प्रसंग बघून सूर लावायचा. रडण्याला करुण, पाठलागाला द्रुत. बोलपट येताच ही सवय मोडावी, असं ठामपणे मांडलं गेलं ते रशियात. आयझेन्स्टाइन, पुदोव्किन आणि अलेक्झांद्रोव या दिग्दर्शकांनी १९२८ च्या निवेदनात सांगितलं, की ध्वनीने चित्राची री ओढू नये, चित्राच्या विरोधात उभं राहावं.

तीनच वर्षांत, १९३१ च्या ‘द पब्लिक एनिमी’ या अमेरिकी चित्रपटात, त्याचा अस्सल नमुना दिसला. घरात ग्रामोफोनवर साबणाच्या फुग्यांचं हलकंफुलकं गाणं चालू आहे, आई मुलाच्या स्वागताची तयारी करते आहे. दार उघडतं आणि पट्ट्यांत गुंडाळलेलं मुलाचं प्रेत आत कोसळतं. रेकॉर्ड संपते, सुई शेवटच्या खाचेत टकटक करत राहते.

हे तंत्र सर्वांत खोलवर नेलं ते जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी. १९४८ मध्ये ‘ड्रंकन एंजल’ करताना त्यांचे वडील वारले. कुरोसावा टोकियोच्या रस्त्यांवरून भटकत होते, तेव्हा एका लाउडस्पीकरवर कोकिळेचा आनंदी वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांची नाचाची धून, लागला आणि दुःख असह्य झालं. संगीतकार फुमिओ हायासाका यांच्याशी बोलून त्यांनी तोच वॉल्ट्झ चित्रपटात घेतला: क्षयाने खंगलेला गुंड काळ्या बाजारातून चालतो, वर कोकीळ गाते. पुढच्याच वर्षी ‘स्ट्रे डॉग’मध्ये दोघे जण झाडीत एकमेकांच्या जिवावर उठलेले असताना शेजारच्या घरात एक बाई पियानोचा सराव करते. गोळीचा आवाज येतो, ती खिडकीतून बघते आणि पुन्हा वाजवू लागते.

फ्रेंच अभ्यासक मिशेल शियों यांनी अशा संगीताला पात्रांच्या दुःखाशी सोयरसुतक नसलेलं म्हटलं. म्हणूनच त्याचा उगम बहुधा दृश्यातच असतो: रेडिओ, शेजारचं घर, भोंगा. मिक्सिंगमध्ये, म्हणजे सगळे ध्वनी एकत्र जुळवताना, आवाज त्या वस्तूतून येतोय असं वाटलं पाहिजे. छोट्या रेडिओसाठी साधारण ३०० हर्ट्झखालचा खर्ज आणि ३,५०० वरचा तीव्र भाग छाटतात, ध्वनी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, ठेवतात, खोलीचा घुमारा देतात. स्टुडिओतलं स्वच्छ, भरदार गाणं तसंच लावलं, तर दिग्दर्शक डोळा मारतोय असं वाटतं आणि प्रसंग विनोदी होतो. मार बसताना आवाज वरखाली करायचा नाही, तालावर कट घ्यायचे नाहीत. नाहीतर संगीताला घडतंय ते कळलं, असा अर्थ निघतो. गाणं आणि दृश्य एकदमच संपलं तरी तेच होतं, म्हणून धून ओळीच्या मध्येच तोडतात किंवा पुढच्या दृश्यावर चार-पाच सेकंद वाहू देतात.