जागा राखणं आणि वहिवाट राखणं: हवाईच्या किनाऱ्यावरचा फरक

हवाईच्या किनाऱ्यावर रिसॉर्टसाठी झोन बदलायचा प्रस्ताव आला की सांस्कृतिक ठेवा जपण्याचं आश्वासन त्यात असतंच. ते वाचताना एक गल्लत होते आणि ती तिथल्या मूळ रहिवाशांना फार महागात पडते. जुनं मंदिर, दफनभूमी, लाव्हाच्या खडकावर कोरलेली चित्रं, यांची जागा राखणं हे एक काम. त्याच किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मीठ वेचणाऱ्या, मासे धरणाऱ्या माणसांची वहिवाट राखणं हे दुसरं. पहिलं झालं म्हणजे दुसरं झालं, असं मुळीच नाही.

जागेचं काम पुरातत्त्वाचं. राज्याच्या कायदेसंग्रहातलं ६-ई हे प्रकरण त्याचा आधार. जमिनीची पाहणी होते, ५० वर्षांहून जुन्या खुणा नोंदल्या जातात आणि प्रत्येकीचं महत्त्व ठरतं. काही खुणांभोवती मोकळी जागा सोडून त्या जपतात. काहींचं उत्खनन होतं, मोजमापं, छायाचित्रं घेतली जातात आणि नंतर तिथे बांधकामाला वाट मोकळी होते. म्हणजे अहवालात ‘नोंद पूर्ण’ दिसलं, तरी जमिनीवर ती भिंत उरली असेलच असं नाही. हे शब्द सावधपणे वाचावेत.

तरीही या कामाला कमी लेखू नये. माउई बेटावर होनोकाहुआ इथे हॉटेलसाठी वाळूच्या टेकड्या खणताना ९०० हून जास्त पूर्वजांचे अवशेष वर काढले गेले. १९८८ च्या अखेरीस लोक रस्त्यावर उतरले, खोदकाम थांबलं, अवशेष पुन्हा त्याच भूमीत विसावले आणि हॉटेल समुद्रापासून आत सरकवावं लागलं. त्यातूनच १९९० च्या कायद्याने बेटाबेटांवर दफनभूमी परिषदा, म्हणजे अशा अवशेषांचं काय करायचं ते पाहणाऱ्या समित्या, आल्या.

वहिवाटीला मात्र मोजपट्टी लावता येत नाही. सातबारा एकाच्या नावे आणि बांधावरची वाट गावाच्या पायाखालची, हे आपल्याला नवं नाही. हवाईत डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या जमिनीच्या पट्ट्याला अहुपुआआ म्हणतात. त्यात राहणाऱ्यांना वरून लाकूड, वनस्पती आणि खालून मासे, मीठ आणायचा परंपरागत हक्क असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जमीन खाजगी मालकीची झाली, तेव्हाही अनेक सनदांमध्ये तिथल्या लोकांचे हक्क राखून ठेवल्याचं लिहिलं गेलं. १९७८ मध्ये राज्यघटनेच्या बाराव्या अनुच्छेदात सातवं कलम आलं. उपजीविका, संस्कृती आणि धर्म यांसाठी चालत आलेले हे हक्क जपणं आता राज्याचं कर्तव्य आहे. त्यांचं नियमन राज्य करू शकतं, पण त्यांच्याकडे काणाडोळा करू शकत नाही.

याचा खरा कस लागला तो हवाई बेटाच्या कोना किनाऱ्यावर, काउपूलेहूत. हुआलालाई ज्वालामुखीचा १८००-१८०१ चा लाव्हा जिथे समुद्राला मिळाला, तो हा काळा, उजाड वाटणारा प्रदेश. विकासकाला इथली सुमारे १,००० एकर जमीन संरक्षित वर्गातून नागरी वर्गात हवी होती. राज्याच्या भूवापर आयोगाने मंजुरी दिली आणि लोकांचे हक्क कसे सांभाळायचे याचा आराखडा विकासकावरच सोपवला. मूळ हवाईयन संघटना एकत्र येऊन न्यायालयात गेल्या. त्यांच्या आघाडीचं नाव ‘का पाआकाई ओ का आइना’, म्हणजे भूमीचं मीठ. खडकांच्या खळग्यांत साचणारं तेच मीठ त्या दाव्यात होतं.

२००० साली हवाई राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली. घटनेने टाकलेली जबाबदारी आयोगाला विकासकाच्या गळ्यात घालता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. निर्णयाआधी आयोगाने स्वतः तीन गोष्टी पाहायच्या: इथे कोणती सांस्कृतिक, ऐतिहासिक आणि नैसर्गिक संपत्ती आहे आणि तिथे परंपरागत हक्क कितपत वापरात आहेत, प्रकल्पाने त्यांना किती धक्का लागेल, आणि ते वाचवण्यासाठी व्यवहार्य उपाय कोणते. माझ्या मते यातला ‘आधी’ हा शब्द सगळ्यात मोलाचा. झोन एकदा बदलला की मीठ वेचणाऱ्यांच्या हातात फक्त विनवण्या उरतात.

पायवाटांच्या बाबतीत दोन्ही कामं एकाच ठिकाणी येतात, म्हणून गोंधळ वाढतो. टोकदार लाव्हावर समुद्रकाठचे गुळगुळीत दगड मांडलेली जुनी वाट पुरातत्त्वाची खूण आहेच. पण राणी लिलिउओकलानीच्या काळात, १८९२ च्या रस्ते कायद्याने, तेव्हा अस्तित्वात असलेल्या वाटा सार्वजनिक ठरल्या. जुने नकाशे, सनदा आणि वृद्धांच्या साक्षी यांवरून वाट त्या काळातली असल्याचं सिद्ध झालं, तर ती जनतेची असते. निव्वळ खूण मानली तर गोल्फच्या मैदानात तिचा शंभर पावलांचा तुकडा फलकासह राखता येतो. रस्ता मानला तर ती मधेच तोडता येत नाही. २००० सालीच राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग ठरलेली १७५ मैलांची आला काहाकाई याच किनाऱ्याने, रिसॉर्टांच्या जवळून जाते.

म्हणून प्रस्तावाचा नकाशा हाती आला की आधी राखलेल्या जागांचे रंगवलेले चौकोन पाहू नका, पायवाटेची तुटक रेषा पाहा. ती कुंपणापाशी थांबते की मिठापर्यंत पोचते, आणि तिथे जाणाऱ्यांना कुणी विचारलं होतं का.