यख

यख : बंगाली लोकसमजुतीतील धनरक्षक पिशाच. वारस परागंदा झालेला किंवा घरातल्यांवर विश्वास नसलेला धनिक आपले द्रव्य भुयारी कोठडीत ठेवतो. एका लहान मुलाची तेथे पूजा करून, ‘हे धन अमक्याच्या वंशजालाच देईन’ असे त्याच्याकडून वदवून घेतो आणि त्याला आत कोंडून तोंड बुजवतो. मेल्यावर ते मूल यख होऊन वारसाची वाट पाहते, अशी ही कल्पना. कंजुषाच्या संचयाला बंगालीत ‘यखेर धन’ म्हणतात. या विधीची माहिती मुख्यतः कथा-आख्यायिकांतून येते, त्यामुळे तो इतिहास न मानता समजूत मानणे सुरक्षित.

यख हे यक्षाचेच लोकरूप, पण यक्षाचे मूळ वादग्रस्त आहे. वैदिक वाङ्मयात हा शब्द अद्भुत, काहीशा भयप्रद आविर्भावासाठी येतो. केनोपनिषदात ब्रह्मच यक्षरूपाने देवांपुढे उभे राहते. पुढे महाकाव्यांत व पुराणांत यक्ष कुबेराचे सेवक आणि निधींचे राखणदार झाले. मुळात गौण असलेले हे भूतगण नंतर पूज्य झाले, असे एक मत. कलेतिहासकार आनंद कुमारस्वामी यांनी 1928 व 1931 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन भागांच्या अभ्यासात याच्या उलट मांडणी केली : यक्ष हे वृक्ष, जल व समृद्धीचे स्वतंत्र लोकदैवत होते आणि वैदिक-पौराणिक व्यवस्थेने त्यांना खालच्या पायरीवर बसवले. मथुरेजवळच्या परखमचा भव्य यक्ष किंवा पितळखोऱ्याच्या लेण्यांतील खुजा यक्ष पाहता दुसरे मत अधिक पटते. पितळखोऱ्याच्या मूर्तीच्या हातावर ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचा लेख आहे. तिचा काळ सामान्यतः इ. स. पू. दुसरे शतक धरतात.

धन आणि मूल यांची सांगडही जुनी आहे. बौद्ध परंपरेतील हारीती ही इतरांची मुले खाणारी यक्षिणी. बुद्धाने तिचे धाकटे मूल भिक्षापात्राखाली लपवले, तेव्हा तिला इतर आयांचे दुःख कळले आणि ती बालकांची रक्षक झाली. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती पांचिक या यक्षसेनापतीशेजारी बसली आहे. तिच्या आसनाखाली पंतोजी आणि हुंदडणारी मुले कोरली आहेत. हे लेणे बहुधा पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले. काही अभ्यासक त्याला सहाव्या शतकापर्यंत खाली आणतात.

यखाच्या समजुतीला वाङ्मयीन रूप दिले ते रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘संपत्ति-समर्पण’ या कथेने. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या आरंभी ती लिहिली गेली. यज्ञनाथ कुंडू हा कवडीचुंबक म्हातारा सुनेच्या आजारपणातही वैद्यावर खर्च करू देत नाही. ती मरते आणि मुलगा वृंदावन चार वर्षांच्या गोकुळला घेऊन घर सोडतो. काही वर्षांनी निताई पाल नावाचा पळून आलेला पोरगा गावात येतो. म्हातारा त्याला जवळ करतो, आणि त्याचा बाप शोधायला येणार असे कळताच एका रात्री त्याला पडक्या देवळाखालच्या तळघरात नेऊन यख करतो. हे सारे धन गोकुळसाठी राखलेले. मग वृंदावन येतो आणि सांगतो की निताई म्हणजेच गोकुळ; यज्ञनाथच्या दुष्कीर्तीमुळे नावे बदलली होती.

कथेत भूत एकदाही दिसत नाही. तरी ती भूतकथाच आहे, कारण पछाडलेला माणूस समोर आहे. उपरोधाचे स्थान मात्र केवळ ओळख पटण्याच्या धक्क्यात नाही. मुलाकडून वदवून घेतलेली शपथ ‘तस्य पुत्र, तस्य पुत्र’ अशी खतपत्राच्या वळणाने पिढ्या मोजत जाते. वारसाची ओळख इतकी काटेकोर नोंदवणाऱ्याला तो वारस समोर उभा असून ओळखता येत नाही, आणि राखणदार केलेल्या मुलाच्या तोंडून वारस म्हणून स्वतःचेच नाव वदवले जाते.

बंगालमध्ये वारसाहक्कासाठी जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ हा धर्मशास्त्रग्रंथ चाले. जीमूतवाहनाचा काळ निश्चित नाही, धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे यांनी तो अकराव्या शतकाची अखेर ते बाराव्याचा आरंभ असा धरला आहे आणि तोच येथे ग्राह्य वाटतो. दायभागात पिता जिवंत असेपर्यंत पुत्राला त्याच्या संपत्तीत हक्क नाही, म्हणून वृंदावन रिकाम्या हाताने निघतो. महाराष्ट्रात प्रमाण असलेल्या मिताक्षरा या याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकेनुसार वडिलोपार्जित मालमत्तेत त्याला जन्मतःच वाटा मिळाला असता. शिवाय दायभागात वारसाहक्काचा आधार पिंडदानाची पात्रता हा आहे. म्हणजे म्हाताऱ्याने धनाबरोबर आपला पिंडही पुरला. समीक्षकांनी या कायदेशीर बाजूकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

महाराष्ट्रात गुप्तधनावर बहुधा नाग बसतो, आणि मुलाचा संबंध राखण्यापेक्षा शोधण्याशी येतो : पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, मुलाला पुरलेले धन दिसते, असा समज आहे. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची आख्यायिका नरबळीची असली तरी तिथला बळी बांधकाम टिकावे म्हणून आहे. जखीण हे स्त्रीपिशाच नात्याने यखाच्या जवळचे असले तरी स्वभावाने वेगळे.

कायद्याने या क्षेत्रात दोनदा पाऊल टाकले. 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांवरील धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते, आणि ते शंभर वर्षांच्या आत आपल्या पूर्वजाने पुरल्याचे सांगणाऱ्याला दिवाणी दाव्याची मुदत मिळते. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अमानुष कृत्ये दंडनीय ठरवली आहेत.