झड संपली कधी? अतिवृष्टीच्या प्रारूपांची पार्श्वभूमी

टोकाच्या मूल्यांची, जसे वर्षातल्या सर्वांत मोठ्या पावसाची, वितरणे (कोणते मूल्य किती वेळा येते याची सूत्रे) तीनच प्रकारांत मोडतात, हे १९२८ मध्ये मांडले गेले. १९५५ मध्ये तिन्ही एका सूत्रात बसली. तीव्रता-कालावधी-वारंवारता वक्रांना, म्हणजे किती वेळ, किती जोराचा पाऊस किती वर्षांतून एकदा येतो ते दाखवणाऱ्या आलेखांना, त्याचा मोठा आधार मिळाला. वर्षातला सर्वांत ओला एक तास, सहा तास, चोवीस तास घ्यायचे. झड कधी सुरू झाली, कधी थांबली हे विचारावेच लागत नसे. नाल्याचा आकार ठरवायला ते पुरले. साठवण तलाव रिकामा होण्याआधी पुढची झड येईल का, हे मात्र त्यातून कळेना.

गुंता तिथून पुढे. किती तास उघडीप पडली की झड संपली म्हणायचे? समजा, दोन तासांत ४० मिमी, मग पाच तास उघडीप, मग तीन तासांत २० मिमी. उघडिपीची मर्यादा चार तासांची धरली तर झडी दोन; पहिलीची सरासरी तीव्रता ताशी २० मिमी, दुसरीची सातच्या आत. सहा तासांची धरली तर झड एकच, दहा तासांची, आणि तीव्रता ताशी अवघी ६ मिमी. नोंदवहीत एक आकडाही बदललेला नाही! शहरी जलनिस्सारणात सहा तास बरेच रुळले. वापरून वापरून घट्ट झालेला आकडा, याहून मोठा आधार त्याला दिसत नाही.

१९८२ मध्ये निदान एक कसोटी आली. झडी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर उघडिपींचे कालावधी घातांकी वितरण (छोट्या उघडिपी पुष्कळ, लांब क्रमाने विरळ) पाळतील, म्हणजे त्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) सारखे येईल. ज्या मर्यादेला तसे होते, ती घ्यायची. अडचण अशी की ऋतू बदलला की उत्तर बदलते, आणि कोरड्या प्रदेशात ते तासांवरून दिवसांवर जाते. अभियंत्यांना हे रुचले नाही तर नवल नाही.

१९८७च्या सुमारास आलेल्या आयताकृती स्पंदांच्या प्रारूपांनी प्रश्नाला बगल दिली; त्यांत पाऊस म्हणजे काही काळ एकाच जोराने पडणाऱ्या तुकड्यांची बेरीज. झडी सुट्या न करता सरासरी, विचरण (चढउताराचे माप) आणि कोरड्या तासांचे प्रमाण जुळवले. सरासरी छान जमली. अल्पकालीन टोके मात्र कमीच येत राहिली.

मग कोप्युला, म्हणजे दोन राशींची वितरणे एकमेकींशी जोडणारी सूत्रे, आली: झडीची तीव्रता आणि कालावधी यांचे संयुक्त वितरण. इथे झडी सुट्या कराव्याच लागतात आणि मर्यादा वाढवली की दोहोंतले नातेही बदलते. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून आता प्राचलेही (वितरणाच्या सूत्रातले ठरवायचे आकडे) तापमानाबरोबर सरकू देतात. उघडिपीची मर्यादा सहसा जिथल्या तिथे राहते.