गोरलेबेनचं कोठार आणि गोरलेबेनचं मीठ

जर्मनीतल्या गोरलेबेनच्या अणुकचरा आंदोलनाबद्दल वाचताना माणूस दोन ठिकाणी हमखास अडखळतो. १९९५ ते २०११ या काळात अणुकचऱ्याच्या १३ खेपा तिथे पोचल्या, म्हणजे आंदोलन हरलं का? आणि २८ सप्टेंबर २०२० ला गोरलेबेन कायमच्या भांडारासाठीच्या जागांच्या यादीतून बाद झालं, म्हणजे कचरा तिथून हलला का? दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं आहे. गोंधळ होतो तो नावामुळे. गोरलेबेन या एकाच नावाखाली एकाच जंगलात दोन वेगळे प्रकल्प होते. एक जमिनीवरचं तात्पुरतं कोठार आणि दुसरं जमिनीखालचं, कायमचं होऊ घातलेलं भांडार.

आधी कोठार बघू. ते १९८३ साली बांधून झालं. लांबलचक काँक्रीटचं गोदाम, वर छप्पर, भिंतीत हवा खेळायला मोकळ्या जागा. आत उभी पिंपं. या पिंपाला कॅस्टर म्हणतात. ओतीव लोखंडाच्या जाडजूड भिंती आणि एकावर एक दोन झाकणं. दोन झाकणांमधल्या जागेतला दाब सतत मोजला जातो, तो बदलला तर झाकण गळतंय असं समजायचं. भरलेलं एक पिंप शंभर टनांच्या वर भरतं. बहुतेक पिंपांत फ्रान्समधल्या ला आग इथे पुनर्प्रक्रिया (वापरलेल्या अणुइंधनातून कामाचा भाग वेगळा काढणं) झाल्यावर उरलेला, काचेत गोठवलेला कचरा आहे. तो स्वतःच तापत राहतो, म्हणून हवा खेळती लागते. इथे सुरक्षितता सगळी पिंपात आहे, इमारत दुय्यम. आणि पिंपाकडे कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं, रोज, न चुकता. परवाना ४० वर्षांचा.

आता मीठ. त्याच जंगलाखाली मिठाचा एक प्रचंड घुमट आहे. १९८६ पासून तिथे विहिरी खणल्या गेल्या आणि ८४० मीटर खोलीवर बोगदे काढून मिठाची तपासणी झाली. कल्पना अशी की मीठ हळूहळू सरकत कचऱ्याभोवती मिटून जाईल आणि मग कुणी पहारा द्यायची गरजच उरणार नाही. जर्मन कायदा या भांडाराकडून दहा लाख वर्षांची हमी मागतो. इथे पिंप गौण, खडक मुख्य. कोठाराच्या हिशेबाच्या बरोबर उलट.

म्हणजे एकीकडे माणसांनी राखायचं आहे, दुसरीकडे माणसं विसरली तरी चालेल असं करायचं आहे. हा फरक कळला की आंदोलनाचं वागणंही कळतं. खरं सांगायचं तर मलाही आधी ते विचित्र वाटायचं: पिंपं जर नुसती गोदामात उभी राहणार, तर त्यांच्या गाडीपुढे रुळांवर बसायचं कशाला?

त्यासाठी १९७७ मध्ये जावं लागतं. २२ फेब्रुवारीला लोअर सॅक्सनीचे मुख्यमंत्री एर्न्स्ट आल्ब्रेख्त यांनी गोरलेबेनचं नाव जाहीर केलं. त्यात पुनर्प्रक्रिया कारखानाही होता, भांडारही होतं, सगळंच एका ठिकाणी. भाग निवडला तो पूर्व जर्मनीच्या सीमेला टेकलेला, विरळ वस्तीचा, शेतकऱ्यांचा. हिशेब असा असावा की हे लोक फारसं बोलणार नाहीत. तो साफ चुकला. मार्च १९७९ च्या अखेरीस वेंडलांडचे, म्हणजे गोरलेबेनच्या आसपासच्या भागाचे, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन राज्याच्या राजधानीत, हॅनोव्हरला पोचले तेव्हा रस्त्यावर सुमारे एक लाख माणसं होती. त्याच आठवड्यात अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राचा अपघात झाला होता. मे महिन्यात आल्ब्रेख्त यांनी कारखाना राजकीयदृष्ट्या रेटता येणार नाही असं कबूल केलं. भांडाराचा बेत मात्र तसाच राहिला. १९८० मध्ये आंदोलकांनी त्याच्या चाचणी-बोअरच्या जागेवर झोपड्यांचं गाव वसवलं, त्याला 'वेंडलांडचं स्वतंत्र प्रजासत्ताक' असं नाव दिलं आणि महिनाभरात पोलिसांनी ते उठवलं.

तर गाडीपुढे बसण्यामागचा विचार असा. कोठारात उभं राहिलेलं प्रत्येक पिंप हे भांडाराच्या बाजूचा एक पुरावा बनत जातं. शंभर पिंपं आली की उद्या कुणीतरी म्हणणार, 'कचरा इथेच आहे, खाली खणून ठेवलंय, आता पुन्हा दुसरीकडे कुठे न्यायचा?' आपल्याकडे हंगामी म्हणून लागलेला माणूस कायम होतो, तसंच. म्हणून विरोध गाडीला दिसत होता, पण निशाणा जमिनीखाली होता. नुसतं 'आमच्या दारात नको' असं ते नव्हतं, कारण वेंडलांडकरांचा आग्रह मिठाच्या घुमटाची निवड शास्त्रीय तुलनेशिवाय झाली यावर होता. त्याच राज्यातल्या आसे नावाच्या जुन्या मिठाच्या खाणीने त्यांना पुरावाही दिला. तिथे १९६७ ते १९७८ दरम्यान संशोधनाच्या नावाखाली सुमारे सव्वा लाख पिंपं उतरवली गेली. आज खाणीत पाणी झिरपतंय आणि ती पिंपं परत वर काढायचं कायद्याने ठरलं आहे.

गाडीचा प्रवास असा असे: ला आगहून रेल्वेने जर्मनीत, ल्युनेबुर्ग, मग डानेनबेर्ग. तिथे पिंपं रेल्वेवरून ट्रेलरवर चढायची आणि शेवटचे वीसेक किलोमीटर रस्त्याने. ल्युनेबुर्गपासून पुढच्या या टप्प्यात सगळा खेळ. शेतकरी ट्रॅक्टर आडवे लावत, काहीजण रुळांखालची खडी काढत, २०११ मध्ये काहींनी हिट्झाकरजवळ रुळावरच्या काँक्रीटच्या पिरॅमिडमध्ये स्वतःला अडकवून घेतलं. त्या खेपेला ११ पिंपं पोचायला पाच दिवसांहून जास्त लागले. १९९७ ला बंदोबस्ताला सुमारे तीस हजार पोलीस होते. १९९८ मध्ये पिंपांच्या बाहेरच्या पृष्ठभागावर मर्यादेपेक्षा जास्त किरणोत्सर्ग असल्याचं उघड झालं, तेव्हा पर्यावरणमंत्री असलेल्या अँगेला मर्केल यांनी वाहतूक थांबवली. ती २००१ मध्ये पुन्हा सुरू झाली.

बंदोबस्ताचं बिल कोण भरतं? राज्य. अणुविजेच्या किमतीत ते कुठे धरलेलं नसतं, आणि 'छुपं अनुदान' म्हणून आंदोलक ज्याकडे बोट दाखवतात त्यातला हा तसा किरकोळ भाग. मोठा भाग २०१७ चा आहे. तोवर कचऱ्याची जबाबदारी वीज कंपन्यांची. मग कायदा झाला: कंपन्यांनी सुमारे २४.१ अब्ज युरो एका सरकारी निधीत भरायचे, त्यात मूळ रकमेवर ३५ टक्क्यांहून थोडा जास्त जोखीम अधिभार, आणि त्याबदल्यात साठवण व विल्हेवाट दोन्ही सरकारकडे. अणुभट्ट्या पाडायचा खर्च मात्र कंपन्यांकडे राहिला. रक्कम ऐकायला भरघोस वाटते. पण कोठार किती काळ चालवावं लागेल हे भांडार कधी तयार होतं यावर अवलंबून, आणि पैसे पुरले नाहीत तर पुढची वर्गणी करदात्याची. त्यावेळी कायद्यात जागा निवडायचं वर्ष २०३१ लिहिलेलं होतं. २०२२ मध्ये शोधाची जबाबदारी असलेल्या सरकारी कंपनीनेच २०४६ ते २०६८ अशी तारीख पुढे केली.

हा गोंधळ फक्त जर्मनीचा नाही. तारापूरलाही काचेत गोठवलेला कचरा हवेवर थंड होत ठेवलेला आहे, म्हणजे जातीने तो कोठारातला. भारतात कायमचं भूगर्भ भांडार अजून नाही. त्यामुळे जैतापूरच्या चर्चेत कुणी 'कचऱ्याची सोय आहे हो' म्हणालं की मी आधी विचारतो, कोणती सोय, राखायची की विसरायची?

गोरलेबेनमध्ये आता गंमत अशी झाली आहे की भांडार हरलं आणि कोठार उरलं. २०१३ पासून नवी पिंपं तिथे येणं बंद. परदेशातून परत यायची ती बिब्लिस, फिलिप्सबुर्ग यांसारख्या जुन्या अणुवीज केंद्रांच्या आवारातल्या कोठारांत गेली. १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन भट्ट्याही बंद झाल्या. मिठाची खाण २०२४ च्या अखेरीपासून बुजवायला घेतली आहे. वर ढीग करून ठेवलेलं मीठच परत खाली जातंय.

आणि गोदामात ११३ पिंपं उभी आहेत. झाकणांचा दाब मोजला जातोय. परवाना २०३४ ला संपतो आणि त्या वर्षी पिंपं न्यायला दुसरी जागा तयार नसेल हे सगळ्यांना आत्ताच माहीत आहे. त्यामुळे गावात आता चर्चा खाणीची नाही, कोठाराच्या भिंतींची आहे: चाळीस वर्षांसाठी बांधलेल्या इमारतीला पुढच्या चाळीससाठी काय लागेल याची.